मिरगात ती वर नसते

पौषातली रात्र. अंगणात जाळ
बाभळीच्या ढलप्यांचा.
नागोराव पांचाळ, माझे वडील,
वाकस बाजूला ठेवून वर बघायचे
आणि म्हणायचे, ती बग, आपली तिफण.

तीन चांदण्या, एका ओळीत.
एक डोळा मिटून, बोटं आडवी धरून
अण्णा त्यांच्यातलं अंतर मोजायचे,
जणू अर्धं सूत चुकलं तर
निलंग्याच्या बाजारापर्यंत बोभाटा होईल.
'हात बसलेला होता गड्याचा.
कडंच्या फणाला तेवढा जरा बाक हाय.'

पुढे तो तांबडा डोळा, तो बैल.
बैलाच्याही पुढे बारक्या चांदण्यांची दाटी,
पाखरं, आधीच येऊन बसलेली.
आणि मागे, तिफणीच्याच रेषेत,
सगळ्यांत लखलखीत ती
चाड्यावर मूठ धरून चालणाऱ्या बाईची चमकी.
हे सांगताना अण्णा आईकडे बघत नसत.
आई भाकरी थापता थापता
नाकाला पीठ लावून घेई.

बैल एकच कसा, मी विचारलं.
'दुसरा सावडीचा. येईल की.'

शाळेत इनामदार गुरुजींनी फळ्यावर
चार पाय काढले, वर शिंगं, पोटात बाण.
प्रजापती हरीण होऊन स्वतःच्या लेकीमागे लागला,
व्याधाने बाण सोडला, तीन कांड्यांचा,
तो अजून निघालेला नाही.
म्हणून हे मृग. म्हणून हे तिकांडं.
मी उभी राहिले. म्हणाले, बाण नाही, तिफण.
वर्ग हसला.
गुरुजी खडू बोटांत फिरवत राहिले.
म्हणाले, आमच्या औशाच्या घरी
नानी त्याला तराजू म्हणायची.
बाण त्यांनी पुसला नाही,
फक्त त्याच्यावर एक चाडं काढलं,
वाकडं. तिफण हाकलेला माणूस नव्हता तो.

खरं नाव कुठलं?
अण्णा सामत्याने चाड्याला
तिसरं भोक पाडत होते.
भुसा फुंकला, भोक डोळ्याला लावलं,
त्यातून माझ्याकडे बघत म्हणाले,
'मिरगात बग वर. दिसती का.'

मी मिरगापर्यंत थांबले.
तिन्हीसांजेला नव्हती. पहाटे उठून पाहिलं,
ढग नव्हते तरी नव्हती.
'दिसंल कशी? खाली आलीया. पेराय.'

तेव्हा आमच्या दारात
दहा-अकरा तिफणी टेकून उभ्या असायच्या.
त्यांतली वरची कुठली ते कळावं म्हणून
मी एकेकीचं दिंड हुंगत फिरायची.
एकीचा वास गार होता.
ती कुणाला सांगितली नाही.
सकाळी कुणीतरी बैलगाडीत घालून घेऊन गेलं.

आता पेरणीयंत्राला नऊ फण असतात
आणि मूठ लागत नाही.
अण्णांनी शेवटची काही वर्षं
चौकटी केल्या, पाट केले,
एकदा बँकेच्या साहेबाला
दिवाणखान्यात ठेवायला वीतभर तिफण.
तिच्या चाड्याला त्यांनी भोकं पाडली नाहीत.

परवा भावाच्या हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं.
लाईट बारानंतर.
भाचा, प्रज्वल, आठ वर्षांचा,
कानटोपी घालून स्टार्टरच्या पेटीसमोर उकिडवा.
पेटीवर तीन दिवे, लाल, पिवळा, निळा.
तिन्ही लागले की मोटार.
दोनच लागत होते.
कंटाळून त्याने मान वर केली
आणि ओरडला,
'आत्या, वर थ्री फेज आलीया!'

माझ्या ओठांवर आली होती तिफण.
पण ती म्हटली असती
तर आधी चाडं सांगावं लागलं असतं,
मग नळे, मग फण,
मग मूठ कशी धरतात ते,
आणि माझ्या हातात टॉर्च होता.

एवढंच म्हणाले, मिरगात ती वर नसते.
तो पेटीकडे बघत म्हणाला,
'तवा लाईट जातीच की.'